साखळदंडातली शवपेटी : ‘डार्क शॅडोज’मधली सगळ्यात कामाची वस्तू

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बसमध्ये उभे असाल, हेडफोन घरी राहिले असतील, तर हे वाचून काढा.

आज गप्पा एका लाकडी पेटीबद्दल. शवपेटीबद्दल, खरं तर. घाबरू नका, नाटकातली आहे!

एप्रिल १९६७. अमेरिकेत दुपारची वेळ. एबीसी वाहिनीवर ‘डार्क शॅडोज’ ही मालिका लागली आहे, तीही कृष्णधवल. विली लूमिस नावाचा एक भुरटा माणूस रात्री कॉलिन्स घराण्याच्या थडग्यांच्या दगडी खोलीत शिरतो. या घराण्याचे दागिने मृतांसोबत पुरलेत, असं त्याच्या कानावर आलेलं असतं. भिंतीवरच्या सिंहाच्या तोंडातली कडी ओढली की आत एक गुप्त खोली उघडते. तिथे एकच शवपेटी, आणि तिला साखळदंड. विलीला वाटतं, इतक्या बंदोबस्तात ठेवलंय म्हणजे आत घबाडच असणार. तो साखळ्या तोडतो, झाकण उचलतो... आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो.

भाग संपला! नंबर २१०.

आता ह्यात गंमत काय? आपल्याला फक्त हात दिसला. चेहरा नाही, दात नाहीत, रक्त नाही. पिशाच म्हणून बार्नबास कॉलिन्स पुढच्या भागात दारात उभा राहतो, तो चांगल्या घरचा सभ्य पाहुणा बनून. जोनाथन फ्रिड या कॅनेडियन रंगभूमीवरच्या नटाने ही भूमिका केली. पण भीती आधीच बसलेली होती, आणि ती बसवली पेटीने.

हे मुद्दाम का सांगतोय? कारण या मालिकेकडे पैसा आणि वेळ, दोन्ही कमी. आठवड्याला पाच भाग, प्रत्येक अर्ध्या तासाचा. सकाळी तालीम, त्याच दिवशी टेपिंग. त्या काळी व्हिडिओटेप कापून जोडणं महागडं आणि किचकट होतं, त्यामुळे भाग जवळजवळ नाटकासारखा सलग चित्रित व्हायचा. नट वाक्य विसरला, माइकची सावली भिंतीवर पडली, सेट हलला, तरी बरेचदा ते तसंच प्रसारित व्हायचं. अशा ठिकाणी मोठे इफेक्ट कुठून आणणार? बंद झाकण मात्र कधी दगा देत नाही. आत काय आहे ते प्रेक्षकाचं डोकं फुकटात रंगवतं.

पेटीचं दुसरं काम म्हणजे घड्याळ. बार्नबासला पहाटेच्या आत पेटीत परतावंच लागतं. म्हणजे साध्या दिवाणखान्यातल्या संभाषणातसुद्धा ताण येतो. बोलणं लांबलं, उजाडायला आलं, आता हा निघणार कसा? शिवाय दिवसा तो पेटीत असहाय पडलेला असतो. पेटी ज्याला सापडली, त्याच्या हातात त्याचा जीव. पुढे पेटी जुन्या वाड्याच्या तळघरात येते. बार्नबास मॅगी इव्हान्स या मुलीला पळवून कोंडतो, तेव्हा शिक्षा म्हणून तिलाच शवपेटीत घालतो. त्याचं अंथरूण, तिची कैद. वस्तू तशीच, अर्थ वेगळा.

आणि आता सगळ्यात भारी भाग. मालिका १९६६ च्या जूनमध्ये सुरू झाली, पण प्रेक्षक कमी, बंद पडायची वेळ आलेली. निर्माता डॅन कर्टिसने पिशाच आणलं ते शेवटचा डाव म्हणून, थोड्याच दिवसांसाठी. पण लोकांना बार्नबास इतका आवडला की त्याला मारणं परवडेना. मग लेखकांनी प्रश्न विचारला : त्या पेटीला साखळदंड बांधले कोणी?

उत्तरासाठी कथा थेट १७९५ सालात नेली. तिथे कळतं की शापाने पिशाच झालेला बार्नबास स्वतःच वडिलांना, जोशुआला, विनवतो की मला संपवा. पण पोटच्या पोराला मारायला बापाचा हात उचलत नाही. शेवटी तो पेटी साखळदंडांनी बंद करून घेतो आणि मुलाला अंधारात कायमचं ठेवतो.

म्हणजे बघा. भाग २१० मध्ये ज्या साखळ्या आपल्याला ‘आत राक्षस आहे’ असं सांगत होत्या, त्याच आता ‘बापाला जमलं नाही’ असं सांगतात. पेटी तीच, साखळी तीच. पण हे कळल्यावर तो गळा धरणारा हात नुसता भीतीदायक राहत नाही, त्याची दयाही येते. पिशाचाबद्दल हळहळ वाटायला लावणाऱ्या आजच्या मालिका बघताना हे आठवा.

मालिका २ एप्रिल १९७१ ला संपली, एकूण १२२५ भाग. मधल्या काळात, १९६९ मध्ये, मिल्टन ब्रॅडलीने बार्नबासच्या नावाचा बोर्ड गेम काढला. त्यात सांगाड्याची हाडं एका छोट्या शवपेटीत ठेवलेली असायची. आणि २०१२ च्या टिम बर्टनच्या सिनेमात जॉनी डेपचा बार्नबास येतो कसा? कामगार जमीन खोदतात, आणि खाली साखळदंड बांधलेली पेटी सापडते.

पुढच्या वेळी भयपट बघाल तेव्हा एक करा. पेटी दिसली की आत कोण आहे, हे तर विचाराच. पण ती बंद कोणी केली, हेही विचारा. भेटू पुढच्या भागात!