श्वासाच्या तपासणीत बाहेरची हवा मिसळली तर?

दूध प्यायलं की पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात. अशी तक्रार घेऊन गेलं की कधी कधी डॉक्टर ‘हायड्रोजन-मिथेन श्वास तपासणी’ लिहून देतात. सुई टोचायची नाही, नळी घालायची नाही, नुसतं फुंकायचं. पण दोन-तीन तास बसून, रोज बुडवून, पैसे भरून केलेली ही तपासणी नीट फुंकलं नाही म्हणून चुकीची ‘नॉर्मल’ येऊ शकते. ते कसं आणि त्यावर उपाय काय, एवढंच या वेळी सांगतो.

आपलं शरीर स्वतः हायड्रोजन बनवत नाही. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू ती आंबवतात, त्यातून हायड्रोजन निघतो. काहींच्या पोटातले सूक्ष्मजीव त्याच हायड्रोजनपासून मिथेन बनवतात. हे वायू रक्तात उतरतात आणि फुप्फुसातून श्वासावाटे बाहेर पडतात. दुधातली साखर पचते का हे पाहायला बहुधा २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात. अंदाजे अर्धा लिटर दुधात असतं तेवढं. मग ठरावीक वेळाने श्वासाचे नमुने घेतात. पहिल्या नमुन्यापेक्षा हायड्रोजन २० पीपीएम किंवा जास्त वाढला, तर साखर पचत नाही असं धरतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. इतक्या बारीक मापात थोडी भेसळसुद्धा निकाल फिरवते.

भेसळ होते ती हवेची. मोठ्या माणसाच्या तोंडात, घशात आणि श्वासनळीत साधारण १५० मिलिलिटर हवा अशी असते की ती रक्ताजवळ पोचलेलीच नसते. फुंकताना आधी तीच बाहेर येते. त्यात ओठांच्या फटीतून खोलीतली हवा शिरली की नमुना आणखी पातळ होतो.

तो किती पातळ झाला हे कळतं कसं? समजा, पाहुणे वाढले म्हणून कुणी वरणात पाणी ओतलं. मीठ नेहमीच्या मापाचं होतं आणि चव निम्म्यावर आली, तर हळद, डाळ सगळंच निम्मं झालं हे चाखणाऱ्याला कळतं. श्वासात हे मीठ म्हणजे कार्बन डायऑक्साइड. फुप्फुसाच्या तळच्या हवेत तो सुमारे ५.५ टक्के धरतात, बाहेरच्या हवेत जेमतेम ०.०४ टक्के. म्हणून ५.५ ला नमुन्यातल्या टक्केवारीने भागायचं आणि येईल त्या आकड्याने हायड्रोजन आणि मिथेनला गुणायचं.

उदाहरण घेऊ. पहिला नमुना चांगला होता, हायड्रोजन ३. दीड तासाच्या नमुन्यात आला १२. वाढ फक्त ९, म्हणजे नॉर्मल. पण त्या नमुन्यात कार्बन डायऑक्साइड २.७५ टक्केच होता. ५.५ भागिले २.७५ म्हणजे २. खरा हायड्रोजन २४, वाढ २१. दुरुस्ती केली नसती तर या माणसाला ‘तुम्हाला काही नाही’ म्हणून परत पाठवलं असतं.

मात्र गुणाकाराने सगळंच सुधारत नाही. चौपटीच्या वर गुणावं लागत असेल तर तो नमुना टाकून दुसरा घ्यावा, हे बरं. मिथेनमध्ये तर वेगळाच घोळ आहे. बाहेरच्या हवेतच तो सुमारे २ पीपीएम असतो. नमुन्यात तीन हिस्से हवा असेल तर हवेचाच मिथेन दीड भरतो, आणि चौपट केला की सहा! मिथेन १० झाला की तो वाढलेला धरतात; त्यातले सहा खोलीतल्या हवेचे निघाले तर पोटाचा काय दोष? म्हणून हवेचा वाटा आधी वजा करणं योग्य.

आपल्या हातात आहे ते नीट फुंकणं. साधा श्वास घ्या, सांगतील तेवढे सेकंद रोखा, ओठ घट्ट मिटून हळू, सलग, शेवटपर्यंत सोडा. शेवटची हवाच कामाची. आधी जोरजोरात दम भरू नका. त्याने कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन दोन्ही उतरतात. तपासणी चालू असताना बिडी-सिगारेट नको, धावपळ नको, झोपही नको. आदल्या दिवशीचं खाणं, उपाशी राहण्याचे तास आणि गेल्या महिन्यात घेतलेली अँटिबायोटिक्स यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, सांगा.

लहान लेकरं रडतात, अर्धवट फुंकतात. त्यांच्या नमुन्यात हवा हमखास मिसळते. रिपोर्ट हातात आला की प्रत्येक नमुन्यासमोर कार्बन डायऑक्साइडचा आकडा आहे का ते बघा. काही यंत्रं त्याऐवजी ऑक्सिजन मोजून दुरुस्ती करतात, तेही चालतं. हातात धरायच्या काही छोट्या यंत्रांवर मात्र फक्त हायड्रोजन दिसतो. तिथे दुरुस्तीला काही आधारच नसतो, म्हणून फुंकताना चुकलं असं वाटलं तर लगेच, तिथल्या तिथे, ‘परत घ्या’ म्हणा.