आग विझली, काजळी उरली

विंडसर कॅसल हे ब्रिटिश राजघराण्याचं घर 20 नोव्हेंबर 1992 रोजी पेटलं. बंबांनी त्यावर लाखो लिटर पाणी ओतलं. दुरुस्तीला पाच वर्षं लागली. भिजलेल्या भिंती वाळवणं हे त्यातलं मोठंच काम होतं.

दोन खोल्यांच्या फ्लॅटलाही आग विझल्यानंतरची कटकट चुकत नाही. भिंत काळी दिसली की हात आपसूक ओल्या फडक्याकडे जातो, आणि तिथेच घोटाळा होतो! काजळीचे कण अतिसूक्ष्म, बऱ्याचदा तेलकट. ओलं फडकं त्यांना रंगाच्या थरात आणखी चोळून बसवतं. म्हणून आधी कोरडा रबरी स्पंज, तोही वरून खाली.

वायरींवरचं पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलाव्यात मिसळला की त्याचं आम्ल होतं. ज्वाळा जिथे पोचल्याच नाहीत, त्या खोलीतला नळही मग गंजू लागतो. टीव्ही, फ्रिज तर तपासून घेतल्याशिवाय सुरूच करू नयेत.

स्लॅबचं दुखणं वेगळं. काँक्रीट सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं, की खडीतल्या लोहामुळे त्यावर अनेकदा गुलाबी छटा येते. गिलावा फोडल्यावर ती दिसली, तर रंगाऱ्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.