लाट वर जाऊन फुटते

११ जानेवारी १९७२. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डर गावावर रॉकी पर्वताकडून वादळी वारा कोसळला. गावातच वातावरणाचं संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, म्हणजे वाऱ्याने धिंगाणा घातला तो अभ्यासकांच्याच अंगणात. हवामानशास्त्रज्ञ डग्लस लिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन विमानांतल्या उपकरणांच्या नोंदी मिळाल्या. एक विमान खालून उडालं, दुसरं वरून. त्या नोंदी जोडून हवेचा जो उभा छेद काढला, तो हवामानशास्त्राच्या पुस्तकांत आजही भेटतो. डोंगर ओलांडताच हवेचे थर कड्यावरून पडावेत तसे खाली येतात आणि पुढे तेवढ्याच जोराने वर उसळतात.

ओढ्यात बुडालेला दगड आठवा. पाणी त्यावरून पुढे जातं, पण दगडामागची लाट जागची हलत नाही. डोंगरावरून वर चढलेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा थंड, म्हणून जड होते. गुरुत्व तिला खाली खेचतं, ती मूळ पातळीपेक्षा खोल जाते, पुन्हा वर येते. ही गुरुत्व लहर. (औंढा नागनाथजवळची नियोजित लायगो वेधशाळा शोधणार आहे त्या गुरुत्वीय लहरी निराळ्या, त्या कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून येतात. नावं इतकी जवळची ठेवायला नको होती.)

समुद्राची लाट किनाऱ्याला उथळ पाण्यात फुटते, ही फुटते उंचावर. गाडीवानाचा आसूड पाहा: मूठ जेमतेम हलते, दोरी निमुळती होत जाते आणि फटकारा उठतो टोकाला. हवेत निमुळती होते ती घनता. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर हवा जमिनीलगतच्या सुमारे लाखाव्या भागाइतकी विरळ असते. वाटेत काही गमावलं नाही, तर लहरीचा झोका तिथवर तीनशे पट वाढायला हवा. तेवढा तो वाढत नाही. एका उंचीवर जड हवा हलक्या हवेच्या डोक्यावर चढते आणि लाट कलंडते. तिने खालून आणलेला संवेग तिथल्या वाऱ्याच्या पदरात पडतो. कुठे वारा अडतो, कुठे ढकलला जातो.

संगणकाची अडचण इथे सुरू होते. जगभराचं हवामान मांडणारं प्रारूप वातावरणाचे चौकोन पाडतं, एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा. बऱ्याच लहरी त्यापेक्षा लहान, म्हणजे प्रारूपाला त्या दिसतच नाहीत. मग उत्तर गोलार्धातले हिवाळी पश्चिमी वारे प्रारूपात नको तितके माजायचे. १९८०च्या दशकात डोंगरी लहरींचा अडसर हिशेबात धरला, तेव्हा ते ताळ्यावर आले.

त्याच दशकाच्या सुरुवातीला, १९८१ साली, हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड लिंडझेन यांनी एक बेधडक नियम मांडला होता. लाट कलंडेल त्या उंचीपर्यंत तिला वाढू द्या. त्यापुढे तिला कलंडण्याच्या बेतातच धरून ठेवा आणि उरलेला संवेग वाऱ्याच्या खात्यात टाका. फुटण्याचं चित्र नाही, नुसता जमाखर्च! मला यातला उद्धटपणा आवडतो, कारण एका जुन्या कोड्याचं उत्तर या हिशेबातून निघतं. उन्हाळ्यात ध्रुवावर सूर्य मावळत नाही, तरी तिथे पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटरवर तापमान उणे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतं; वातावरणातली सर्वांत थंड जागा ती. फुटणाऱ्या लहरींच्या रेट्यामुळे तिथली हवा हिवाळी ध्रुवाकडे सरकते, तिची जागा घ्यायला खालची हवा वर चढते, प्रसरण पावते आणि गारठते.

आणि बोल्डर? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत अकरा वेगवेगळ्या प्रारूपांना तेच वादळ सोडवायला दिलं होतं. लाट कुठे फुटणार यावर सगळ्यांचं जमलं: १३ ते १६ आणि १८ ते २० किलोमीटरचे पट्टे. प्रत्येक लाट नेमकी कशी, केव्हा विस्कटली याचे तपशील मात्र जुळेनात. घुसळणीत बारीकसा फरक बघता बघता मोठा होतो.

आपल्याकडे हवामानशास्त्रज्ञ आर. पी. सरकार यांनी १९६०च्या दशकातच सह्याद्रीवरच्या डोंगरी लहरींचं गणित मांडलं होतं. आज कोल्हापुरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे कॅमेरे रात्री आभाळाकडे तोंड करून असतात. नव्वदेक किलोमीटरवरचा हवेचा मंद उजेड टिपला की त्यात लहरींचे काळे-पांढरे पट्टे उमटतात. कधी त्यांच्यामध्ये बारीक वळ्या येतात आणि थोड्याच वेळात विरतात; लाट फुटत असल्याची ती खूण. त्यासाठी रात्र निरभ्र आणि बिनचांदण्याची लागते. मेघगर्जनेचे मोठाले ढग अशा लहरी भरपूर उठवतात, पण पावसाळ्यात तेच कॅमेऱ्यासमोर आडवे येतात. मग भिस्त रडारवर.