होम थिएटरला मधला स्पीकर लागतोच का? पैसे मोजण्याआधी हे तपासा

धर्मापुरी (जि. बीड) : सिनेमातली गाणी, मारामारी दणक्यात वाजते, पण माणसं काय बोलतात तेच कळत नाही. मग दुकानदार सांगतो, '५.१ घ्या'. म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. त्यातला टीव्हीखाली ठेवायचा मधला स्पीकर, म्हणजे सेंटर, मुख्यतः संवादांसाठी असतो.

कोणाला लागतो?
एक-दोघंच टीव्हीसमोर मधोमध बसत असतील तर गरज नाही. डाव्या-उजव्या स्पीकरमधून सारखाच आवाज आला की तो मधूनच आल्यासारखा वाटतो. पण गावाकडं सगळं घर खोलीभर पसरून बसतं. कडेला बसलेल्याला बोलणं जवळच्या स्पीकरमधूनच आल्यासारखं वाटतं. अशा घरात सेंटर कामाचा.

घेण्याआधी काय बघायचं?
टीव्हीची मागची बाजू बघा. लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीतून डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात. मग मधल्या स्पीकरमध्ये त्यांचीच मिसळ वाजते. खऱ्या ५.१ साठी टीव्हीला 'एचडीएमआय एआरसी' किंवा 'ऑप्टिकल' जोडणी आणि होम थिएटरमध्ये 'डॉल्बी डिजिटल' पाहिजे. सिनेमाचा आवाजही ५.१ चाच हवा.

सेंटर नसेल तर?
५.१ च्या मशीनला सेंटर जोडला नसेल तर सेटिंगमध्ये तो बंद करा. नाहीतर संवाद न जोडलेल्या स्पीकरकडं जातात आणि ऐकूच येत नाहीत.

वरती पत्रे, खाली फरशी असेल तर आवाज घुमतो. आधी सतरंजी अंथरून, जाड पडदा लावून बघा. तेवढ्यानं बोलणं स्पष्ट झालं, तर नव्या स्पीकरचा खर्च वाचला.