पत्ता बरोबर, पत्र भलतीकडे

पत्र परत आलं तर निदान कळतं तरी. ते गुपचूप दुसऱ्याच्या पेटीत पडलं, तर कोणाला पत्ता लागणार? एका शिक्षणसंस्थेचा ई-मेल सर्व्हर मी सांभाळत होतो, तेव्हाची ही गोष्ट. ग्रंथपालबाई निवृत्त होत होत्या. पेन्शनच्या कागदांत काही त्रुटी असल्यास ई-मेलने कळवू, असं त्यांना सांगितलं होतं. आठवडा गेला, ई-मेल काही येईना.

आमच्याकडे पोस्टफिक्स होतं. वित्झे व्हेनेमा यांनी लिहिलेलं आणि १९९८ साली सर्वांसाठी खुलं झालेलं हे सॉफ्टवेअर म्हणजे संगणकातलं टपालखातं. पत्त्यांच्या याद्या डेटाबेसमध्ये असतात. एका यादीत खऱ्या टपालपेट्या, दुसरीत ‘याचं पत्र त्याला द्या’ अशा सूचना. डेटाबेस बंद पडला तर फारसं बिघडत नाही. पाठवणारा सर्व्हर पत्र जपून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहतो. पोस्टफिक्स तर ठरवून दिलेलं नसल्यास पाच दिवस वाट पाहतं. सूचना चुकली, तर मात्र काहीच अडत नाही आणि तक्रारही येत नाही.

‘पोस्टमॅप’ ही छोटी आज्ञा देऊन मी सूचनांच्या यादीला बाईंचा पत्ता विचारला. उत्तर रिकामं! म्हणजे सूचना नाही, म्हणजे पत्र पेटीतच जात असणार, असं समजून मी एक अख्खा दिवस घालवला. शहाणपण नडलं, दुसरं काय.

शेवटी नोंदवही उघडली. तिथे प्रत्येक पत्रापुढे ते कुठे पोचवलं हे असतं आणि पत्ता बदलला असेल तर मूळ पत्ताही. मूळ पत्ता बाईंचा, पोचलं कार्यालयात!

झालं होतं असं. पत्ता लिहिताना चूक झालेली पत्रं वाया जाऊ नयेत म्हणून कार्यालयाने ‘संस्थेच्या नावाचं कोणतंही पत्र आमच्याकडे’ अशी एक ओळ घालून घेतली होती. पोस्टफिक्स आधी सूचनांची यादी पाहतं, पेट्यांची नंतर. सूचनांत पूर्ण पत्ता सापडला नाही, तर ते नुसतं ‘@’ आणि संस्थेचं नाव शोधतं. पोस्टमॅप मात्र विचारलं तेवढंच सांगतं, ही दुसरी पायरी स्वतःहून चढत नाही. प्राचार्यांची पत्रं नीट येत होती, कारण त्यांच्या नावाची वेगळी सूचना आधीपासून होती.

कार्यालयाची ती ओळ काढायची गरज पडली नाही. प्रत्येक खऱ्या पेटीचा पत्ता विचारला, की तोच पत्ता उत्तर म्हणून देणारी आणखी एक चौकशी सूचनांत जोडली. बाईंचं पत्र बाईंनाच, हेसुद्धा संगणकाला सांगावं लागतं!

पेन्शनचं पत्र कार्यालयाच्या पेटीत, जाहिरातींच्या ढिगाखाली सापडलं. मुदतीला दोन दिवस उरले होते. बाई त्याच दुपारी कागद घेऊन निघाल्या.