विहिरी खोदणारा गडी पाण्यावर जिंकला

नांदगावच्या बाजारात चार माणसं बसली, की बोलणं पावसावरून कांद्याच्या भावावर जातं आणि तिथून कुणीतरी दत्तूची आठवण काढतो. दत्तू भोकनळ. शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. तालुका दुसरा, पण मुरूम तोच आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणंही तेच. म्हणून तो आपल्यालाही आपलाच वाटतो.

जिथं पिण्याच्या पाण्याची मारामार, तिथला गडी होडी वल्हवून ऑलिंपिकला गेला. आपल्याकडे होडी म्हणजे गिरणा धरणावरच्या मासेमारांची. त्यामुळे २०१६ साली ही बातमी आली, तेव्हा पुष्कळांना ती खरीच वाटली नव्हती.

दगड फोडणारे हात

दत्तूचा जन्म १९९१ चा. वडील विहिरी खोदायचे, दगड फोडायचे. शाळेत असल्यापासून पोरगा त्यांच्या हाताखाली. वडील गेले नि घरचा भार अंगावर आला. पेट्रोल पंपावरही त्याने काम केले. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. पुण्यात लष्कराच्या प्रशिक्षकांनी हा उंचापुरा जवान हेरला आणि रोइंगच्या होडीत बसवला. तोवर मोठ्या पाण्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट पाण्याची भीतीच होती.

हा खेळ थोडा समजून घ्या. शर्यत २००० मीटरची. खेळाडू जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. बैठक चाकांवर मागे-पुढे सरकते. बघणाऱ्याला वाटतं सगळा जोर हातांचा, पण खरा जोर पायांचा आणि पाठीचा. विहिरीतून दगड उचलणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. शिकावी लागते ती लय आणि दम राखण्याची रीत.

रिओची शर्यत

ऑगस्ट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला भारताचा तो एकटाच खेळाडू. त्या वेळी त्याची आई अपघातानंतर आजारी होती. ते ओझं मनावर घेऊन पोरगा परमुलखात गेला. पहिल्या फेरीत तो तिसरा आला आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथं चौथा आला. पहिले तिघेच पुढे जाणार, म्हणून पदकाची आशा संपली.

बऱ्याच जणांची आठवण इथंच थांबते. पण खरे चाहते पुढचं सांगतात. पदक हातचं गेल्यावरही त्याने उरलेल्या शर्यती जीव तोडून मारल्या. १३ ते १८ क्रमांकांसाठीच्या शेवटच्या शर्यतीत तो पहिला आला. वेळ ६ मिनिटे ५४.९६ सेकंद. रिओतल्या त्याच्या चारही शर्यतींत ही वेळ सर्वांत कमी. एकूण क्रमांक तेरावा. कुणी म्हणतं, तेराव्याचं काय एवढं कौतुक? त्याला पारावरचं उत्तर ठरलेलं असतं : चार वर्षांपूर्वी ज्याने वल्हं धरलं नव्हतं, तो जगात तेरावा आला, हे कमी आहे का?

पालेमबंगचे दोन दिवस

सर्वांत जास्त रंगून सांगितली जाते ती २०१८ च्या आशियाई स्पर्धेची गोष्ट. इंडोनेशियातलं पालेमबंग. २३ ऑगस्टला दत्तू एकेरीच्या अंतिम शर्यतीत सहावा, म्हणजे शेवटचा आला. अंगात ताप होता, हे नंतर वर्तमानपत्रांतून कळलं. त्या दिवशी रोइंगमध्ये भारताच्या पदरी काहीच पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, तोच दत्तू पुन्हा पाण्यात. आता चौघांच्या होडीत, सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत. या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही, म्हणजे एका होडीला आठ. एकाचं वल्हं चुकलं तर चौघांची होडी अडते. एखाद्याने आजाराचं कारण सांगून अंग काढलं असतं. याने काढलं नाही. ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत भारताची होडी पहिली आली. यजमान इंडोनेशिया दुसरा, थायलंड तिसरा. आशियाई स्पर्धेत भारताचं रोइंगमधलं हे दुसरंच सुवर्ण. पहिलं बजरंगलाल ताखर यांनी २०१० मध्ये एकेरीत मिळवलं होतं. पुढे २०२० चा अर्जुन पुरस्कार दत्तूला मिळाला.

आणि एक लक्षात घ्या. ज्या वर्षी हे सुवर्ण आलं, त्याच २०१८ साली आपल्या नांदगाव तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला होता.

आपण काय घ्यायचं?

आठवणी काढून पोट भरत नाही, हे खरं. पण त्यातून काही हिशेब निघतो. दत्तूला आपला खेळ सापडला तो विशी ओलांडल्यावर, तोही सैन्यात गेला म्हणून. भरती हुकली असती तर? तो आजही कुणाच्या तरी विहिरीवर दगड फोडत असता आणि त्याच्या अंगात काय आहे हे त्यालाही कळलं नसतं.

आपण पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतो. न तपासता बियाणं टाकून देत नाही. मग पोरं का न तपासता सोडून देतो? आपल्या शिवारात पळणारी, ओझं उचलणारी, दमाची पोरं कमी नाहीत. पण खेळ म्हणजे क्रिकेट, एवढीच आपली ओळख.

गिरणा धरण आपल्याच तालुक्यात आहे. त्याचं पाणी मुख्यत्वे खाली जळगाव जिल्ह्याच्या शेतीला जातं, हा जुना विषय आज बाजूला ठेवू. पण धरणाशेजारच्या पोरांनाही धड पोहता येऊ नये, हे बरं नाही. पूर्वी पाठीला डबा बांधून पोरं विहिरीत पोहायला शिकत. आता विहिरी लवकर आटतात नि ती शाळाही बंद पडते. म्हणून पाणी असेल त्या महिन्यांत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोरांना पोहायला शिकवा. एकटं मात्र कुणालाही पाण्यात सोडू नका.

शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतींनीही हे मनावर घ्यावं. वर्षातून एक दिवस पोरांची उंची मोजा, त्यांना पळवा, दम बघा, आणि ज्याच्यात काही दिसेल त्याला तालुक्याच्या, जिल्ह्याच्या क्रीडा स्पर्धेपर्यंत नेऊन सोडा. एस.टी.चं भाडं गावाने द्यावं. एवढा खर्च कुठल्याही गावाला जड नाही.