पारोपलीकडचा गिल

मेजर रॉबर्ट गिल म्हटलं की आपल्याला त्याची प्रेयसी पारो आठवते. अजिंठा गावातली तिची कबर, त्यावरचं 1856 साल, ना. धों. महानोरांचं ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य, 2012 मध्ये आलेला चित्रपट. प्रेमकथेनं या माणसाला घराघरांत पोचवलं खरं, पण त्याच्यातल्या चित्रकाराला गिळूनही टाकलं.

गिल पेशानं मद्रास फौजेतला अधिकारी, शिकारीचा शौकीन. अजिंठ्याची चित्रं नष्ट होताहेत, असं स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसननं 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे बजावलं आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नकला करायला ईस्ट इंडिया कंपनीनं गिलला नेमलं. अजिंठ्याची बारादरी हा त्याचा मुक्काम आणि पुढची जवळजवळ दोन दशकं हेच त्याचं काम. 1857 हे याच काळातलं वर्ष. तेव्हा औरंगाबादच्या छावणीत घोडदळानं उठाव केला आणि काळ्या चबुतऱ्यावर बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. आजचा क्रांती चौक तो हाच. तोफा डागणारं आणि चित्रकाराला पगार देणारं सरकार एकच होतं, हे गिलचं कौतुक करताना विसरू नये.

त्याच्या कामाची खरी गंमत माध्यमात आहे. मूळ चित्रं मातीच्या गिलाव्यावर, पातळ चुन्याच्या थरावर, डिंकासारख्या बंधकात कालवलेल्या रंगांची. अंगानं कोरडी, बिनचकाकीची. गिलनं ती मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत, मूळ आकारात उतरवली. तैलरंग चकाकतो, काळवंडतो, छायाप्रकाशाचा मोह पाडतो. अजिंठ्याची भिस्त रेषेवर. त्यामुळे या नकलांमध्ये भिंतीइतकीच एका युरोपीय डोळ्याची सवयही दिसते. मला तो त्यांचा दोष वाटत नाही. नक्कल करणाराही कुठून तरी शिकूनच आलेला असतो.

पुढे तो कॅमेऱ्याकडे वळला. त्याच्या जोडछायाचित्रांची पुस्तकं फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 मध्ये लंडनला निघाली. चित्रं मात्र दुर्दैवी ठरली. लंडनजवळच्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडली होती. 1866 च्या डिसेंबर अखेरीस तिथं आग लागली आणि मोजकी वगळता सगळी जळाली. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्सनं मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच 1885 मध्ये लंडनलाच आगीत गेल्या.

गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे, पारोपासून दूर. वाचलेली चित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. अजिंठ्याला गेलात तर पारोची गोष्ट जरूर ऐका, पण सतराव्या लेण्यातल्या भिंतीची लांबीरुंदीही नीट पाहून घ्या. अंधारात एवढ्या मापाचं चित्र कॅनव्हासवर उतरवायचं म्हणजे काय, हे वाटाड्याला विचारा.